बॅटरीअप्पांची नाताळची राखण

भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, बॅटरी लावून दुसऱ्याच्या डब्यात बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डब्यात वरण असो नाहीतर वांग्याची भाजी, बॅटरीचा उजेड आधी या कडेला, मग त्या कडेला, मग मधोमध. त्यानंतर झाकण लावायची परवानगी मिळायची. "जा," एवढंच म्हणायचे. तेही अशा सुरात, की तुम्ही सुटलात ते काही सापडलं नाही म्हणून, तुम्ही चांगले आहात म्हणून नव्हे. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, म्हणून बिराप्पा हे त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचे ते बॅटरीअप्पा झाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, दोन दिवस द्या, काढून टाकू, असं डोळ्यांचे डॉक्टर त्यांना लांबूनच सांगायचे. अप्पांनी त्यांना कधी जवळ येऊ दिलं नाही. "काढून दुसऱ्याचाच बशिवला तर मला कसं कळंल?" असं त्यांचं म्हणणं.

बीदर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हा मिशनचा दवाखाना. त्याच्या फाटकाला अप्पा राखणदार. जातीने धनगर, खटकचिंचोळीकडचे. लहानपण आणि अर्धी जवानी मेंढरांमागे गेलेली. कपाळाला बिरोबाचा पिवळा भंडारा, खांद्यावर काळं घोंगडं, आणि फाटकाशी कुणी आलं की तीन भाषांतला एकच प्रश्न: "कोण? यारु? कौन?" तुम्ही मराठीत उत्तर दिलं तरी ते पुढचा प्रश्न कानडीत टाकायचे, कानडीत बोललात तर दखनीत. खोटं बोलणारा माणूस भाषा बदलली की अडखळतो, असा त्यांचा अंदाज होता. खरं बोलणारी माणसंही अडखळायची. मी तर पहिल्या दिवशी स्वतःच्या गावाचं नावसुद्धा चुकले.

माझं गाव मुडबी, बसवकल्याण तालुक्यातलं. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, मुलगी झाली, आणि नवऱ्याचं दुखणं याच दवाखान्यात शेवटाला गेलं. त्या दिवसांत तिथल्या माणसांनी आमचं जे केलं ते रक्ताची माणसं करत नाहीत. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मार्था अक्कांनी मला एकदा विचारलं, "घरी जाऊन काय करशील?" घरी जाऊन काय करणार ते ठरलेलंच होतं. दिरांच्या शेतात राबायचं, आणि रेखाची शाळा माझ्यासारखीच आठवीत सुटायची. अक्कांनी मला हाताखाली घेतलं, मागच्या चाळीत एक खोली मिळाली, रेखाचं नाव गावातल्या शाळेत घातलं. सासरी मात्र सगळे डोळे लावून बसले होते. त्यांना एक निमित्त हवं होतं. मिशनच्या दवाखान्यात राहणाऱ्या विधवा सुनेबद्दल कोणतं निमित्त लागतं, ते आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्यामुळे मीही तिथे जपून वागायचे. कुणी जास्त गोड बोललं की मनात यायचं, हिला काय पाहिजे? मार्था अक्का रेखाला बिस्किटं द्यायच्या, तेव्हा आभार मानतानाही माझं मन बिस्किटाच्या मागे बघायचं. घाबऱ्या माणसाला उपकाराचीही भीती वाटते. या बाबतीत मी आणि बॅटरीअप्पा एका माळेचे होतो. ते फाटकात बसून संशय घ्यायचे, मी चुलीपाशी बसून.

एकदा धीर करून मी त्यांना विचारलं, "अप्पा, हे लोक खरंच बाटवतात का हो?"

अप्पांनी इकडेतिकडे बघितलं. आवाज खाली घेतला. "इतकी वरसं झाली, बघायलोय. अजून मला तर न्हाई बाटवले."

"मग नसतीलच बाटवत."

"तसं कसं म्हणतीस? लई धीराचे दिसायलेत."

हे ते हसत म्हणाले नाहीत. अप्पा हसायचेच नाहीत. पण खोलीवर जाऊन मी रेखाला सांगितलं आणि नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

हा संशय त्यांच्यात आला कुठून, तेही त्यांनीच एकदा सांगितलं होतं. तरुणपणी हुलसूरच्या बाजूला मेंढरं बसवली होती. संध्याकाळी एक माणूस आला. चांगला बोलणारा. गुडघ्याला काटा लागलेलं एक कोकरू त्याने मांडीवर घेतलं, काटा काढला, पाला चोळून लावला. अप्पांच्या वडिलांनी त्याला भाकरी दिली, घोंगडं दिलं. सकाळी माणूस नाही, घोंगडं नाही, आणि कळपातली चांगली चांगली कोकरं नाहीत. "काटा मात्र चांगला काढला हुता त्येनं," अप्पा म्हणाले. "ते लंगडं कोकरू तेवढं ठिवून गेला." त्या दिवसापासून अप्पांनी चांगल्या माणसांवर जास्त लक्ष ठेवायला सुरुवात केली. वाइटांचं काय, ते दिसतातच.

डिसेंबर लागला की अप्पांचं काम वाढायचं. नाताळाच्या निमित्ताने गावातली मोठी माणसं रोग्यांना फळं वाटायला यायची, गाड्या फाटकाशी लागायच्या. अप्पा प्रत्येक पेटीत बॅटरी मारायचे आणि विचारायचे, "फोटो आधी का फळं आधी?" माणसं गोंधळायची. अप्पांचं म्हणणं असं, की ज्याला फोटो आधी पाहिजे त्याला दुसऱ्या दरवाजाने पाठवावं, तिकडे उजेड चांगला आहे आणि रोगी कमी आहेत. एकदा एका पेटीच्या तळाला नासकी मोसंबी निघाली. त्यानंतर तर त्यांना कुणाचा धरबंध राहिला नाही. खुद्द दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई केकचा डबा घेऊन आल्या तर त्यांनाही झाकण उघडायला लावलं. बाईंनी उघडून दाखवलं. "हात लावू नका बरं अप्पा," एवढंच म्हणाल्या.

त्यांचे आभार मानणं हे तर अवघडच काम. मी एकदा त्यांच्यासाठी कानटोपी विणली. थंडीत फाटकात बसतात म्हणून. अप्पांनी ती उलटी केली, आत बोटं फिरवली, उजेडात धरली. मग विचारलं, "काय काम हाय?"

"काही काम नाही अप्पा. तुम्ही रोज रेखाला रस्ता ओलांडून देता, म्हणून."

"त्ये रस्त्याचं काम हाय. टोपीचं काय?"

टोपी त्यांनी परत दिली. वाईट वाटलं, पण रागही येत नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं, की काही नको असताना कुणी काही का द्यावं. आणि रेखाला रस्ता ओलांडून देताना त्यांना स्वतःला काय हवं होतं, हे त्यांना विचारायची माझी हिंमत नव्हती.

खाण्याचंही तसंच. अप्पा कुणाच्या हातचं खायचे नाहीत. आमच्याकडे रीत आहे, ज्यांना शिजलेलं चालत नाही त्यांच्या घरी सणाला कोरा शिधा पाठवायचा. तांदूळ, गहू, गूळ, तूप, नव्या कापडात बांधून. मार्था अक्का दर नाताळाला अप्पांसाठी असा शिधा फाटकात नेऊन ठेवायच्या. अप्पा बॅटरीने तांदूळ बघायचे, मग फाटकामागे तीन दगडांवर स्वतः शिजवून खायचे. मला आधी वाटलं, जातीचं, देवाचं काहीतरी असेल. पण ते माझ्याही हातचं खात नसत, लिंगायताच्या खानावळीत जात नसत, सख्ख्या मेव्हण्याकडेसुद्धा म्हणे भाकरी बांधून न्यायचे. "माझं पोट माझ्या नजरंखाली," असं ते म्हणायचे.

आणि असा हा माणूस दर नाताळाला, आदल्या दिवशीपासून दुसऱ्या दिवसाच्या अंधारापर्यंत, फाटक एकटा धरून बसायचा. दुसरा राखणदार ख्रिस्ती होता, त्याला घरी पाठवून. तेवढ्यावर थांबत नव्हते. ज्या आयाची सुट्टी असेल तिच्या वॉर्डात घागर भरून ठेवायची, रक्ताच्या बाटल्या आणणाऱ्या पोराच्या सायकलीवर स्वतःच जायचं, मध्येच कुणाला दाखल करायचं असेल तर खाटेची एक बाजू धरायची. कुणी त्यांना हे सांगितलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "समदे गेले की चोर येतो." चोराच्या भीतीने अप्पांनी किती खाटा उचलल्या असतील, देव जाणे.

माझ्या तिथल्या पहिल्या नाताळाची गोष्ट सांगायला हवी, कारण त्या दिवशी माझं सगळंच जायचं होतं.

मार्था अक्कांची आई त्यांच्या गावी एकटी. स्वयंपाकघर सोडून जाता येत नाही म्हणून अक्कांनी कितीतरी नाताळ आईशिवाय काढले होते. म्हातारी आता खाटेला टेकली होती. मी म्हणून बसले, "अक्का, तुम्ही जा. एक दिवसाचं मी बघते." म्हटलं, आणि मग बोटांवर मोजायला लागले. एवढ्या रोग्यांचं जेवण, कुणाला मीठ नको, कुणाला पातळ, आणि सणाची म्हणून गव्हाची हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गुळाची खीर. काही बिघडलं तर? कुणाला बाधलं तर? अक्कांनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि चाव्या दिल्या.

फाटकातून अक्का गेल्यावर अप्पा माझ्याकडे आले. "तिला कामून पाठवलीस? तिच्या जागंवर डोळा हाय का?"

"नाही हो अप्पा."

"मंग?"

"तिची आई आहे."

अप्पांनी माझ्या हातातल्या चाव्यांवर बॅटरी मारली. उत्तर पटलं नव्हतं, पण तपास त्यांनी तात्पुरता थांबवला.

त्या संध्याकाळी अंगणात नर्सिंगच्या मुलींनी नाटक केलं. येशूचा जन्म, गोठा, आणि देवदूताचं ऐकून बाळाला बघायला निघालेले मेंढपाळ. मेंढपाळांसाठी मुलींनी अप्पांचं घोंगडं मागून नेलं होतं. कधी परत देणार, हे त्यांनी तीनतीनदा कबूल करून घेतलं होतं. अप्पा नाटक बघत नव्हते, घोंगडं बघत होते. पण बघता बघता नाटकही डोळ्यांत गेलं असावं. कारण संपल्यावर पास्टर फाटकाशी आले तेव्हा अप्पांनी त्यांना अडवलं.

"मेंढरं कुणापाशी ठिवून गेले ते?"

"कोण?"

"हे तुमचे मेंढके. समदेच गेले बाळ बघायला. मेंढरं?"

पास्टर हसले. "देवाने राखली असतील अप्पा."

"देव तर तिकडं पाळण्यात हुता म्हणतासा."

पास्टर इतके हसले की त्यांना फाटकाला धरावं लागलं. अप्पा हसले नाहीत. "एक जण राहिला असंल मागं," ते आपल्याशीच म्हणाले. "राहिल्याबिगर मेंढरं टिकत न्हाईत." मग मुलींकडे जाऊन त्यांनी घोंगडं ताब्यात घेतलं, झटकलं, आणि बॅटरीने चारी टोकं तपासली.

मला मात्र त्या नाटकाच्या आधीच घोर लागला होता. त्या आठवड्यात वॉर्डात मेणबत्त्या घेऊन गाणी झाली, तेव्हा मार्था अक्कांच्या हातात चहाची किटली होती म्हणून त्यांनी आपली मेणबत्ती माझ्याकडे दिली. फळं वाटायला आलेल्या कुणीतरी फोटो काढला. डोक्यावर पदर, हातात मेणबत्ती, मागे क्रूस, अशी मी. तो फोटो कुठून कसा फिरत गेला कोण जाणे, मुडबीत पोचला. जावेचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "भावजी लई चिडलेत. उद्या येतेत तुला न्यायला."

दत्ता भावजी माझे धाकटे दीर. वयाने धाकटे, पण घर त्यांच्या शब्दावर चालायचं. ते नाताळाच्या दिवशी जीप घेऊन आले. मी चुलीपाशी होते, हुग्गीची डेग चढली होती, आणि खिडकीतून फाटक दिसत होतं. ढवळायचं थांबवलं तर खाली लागणार, म्हणून बाहेरही जाता येत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की आज मी त्या जीपमध्ये बसले तर रेखाची शाळा संपली.

"कोण? यारु? कौन?"

"वहिनीला न्यायला आलोय."

"कोणची वहिनी?"

"मुडबीची. सैपाक करती ती."

"दीर म्हणून येणारे लई असतेत. हातात काय हाय?"

"काय न्हाई. हात रिकामाच हाय."

"त्येच म्हणायलोय. सणाला वहिनीकडं रिकाम्या हातानं कोण येतंय?"

भावजींचा आवाज चढला. "सण त्येंचा हाय. आमचा न्हाई."

"मंग आजच कामून आलास?"

भावजी फाटकाजवळ सरकले. मग त्यांचं लक्ष अप्पांच्या कपाळाकडे गेलं असावं. "तू तर बिरोबाचा दिसायलास. ह्येंच्या दारात कामून बसलायस?"

"त्येंचा सण हाय. त्येंनीच दारात बसले तर सण कुणी करावं?"

"हितं बाटवतेत म्हणं."

"म्या बी त्येच धरायला बसलोय," अप्पा म्हणाले. "अजून एकदा बी घावले न्हाईत. तू चांगल्या डोळ्याचा दिसायलास. चल, दोघं मिळून धरू."

आणि फाटकाला कडी घालून बॅटरीअप्पा माझ्या दिराला घेऊन स्वयंपाकघरात आले. त्यांनी पिठाचे डबे उघडून दाखवले. तांदळाच्या पोत्यात हात घालायला लावला. "ते पाणी शिंपडतेत म्हणं ना, त्ये बघ," म्हणून पाण्याच्या टाकीत बॅटरी मारली. कपाटाच्या मागे, चुलीच्या खाली, मार्था अक्कांच्या चपलांच्या जोडात. भावजींनी फोटोतला क्रूस कुठे आहे विचारलं, तर अप्पांनी वॉर्डात नेऊन भिंतीवरचा क्रूस दाखवला. "म्या रोज बघतो. जागचा हालत न्हाई." मी मान खाली घालून ढवळत होते. पण तोंडावरचा राग आता कशावर धरावा हे भावजींना कळत नव्हतं, एवढं मला दिसलं.

शेवटी अप्पांनी बॅटरी बंद केली. "बघून झालं का?"

"झालं."

"मंग ती कडी धर."

डेगीला दोन कड्या असतात. एक अप्पांनी धरली होती. उचलणारी माणसं सगळी सणाला गेलेली, आणि रोगी जेवायचे थांबलेले. भावजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा डेगीकडे, आणि सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

बायकांच्या वॉर्डात दाराजवळच्या खाटेवर एक म्हातारी होती, कमलापूरकडची. तिने भावजींनाच हाक मारली. "ए पोरा, नवा हायस का? कवाधरनं भूक लागलीया. कोपऱ्यातलं नगं, मधलं घाल." भावजींनी मधलं घातलं. मग पुढची खाट, मग त्याच्या पुढची. मी मागून मिठाचं आणि पातळाचं सांगत गेले. कुणाच्या हाताला सुई होती, त्याला भावजींनी वाटी तोंडाशी धरून पाजली. माझा नवरा याच वॉर्डाच्या पलीकडच्या खोलीत गेला होता, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. त्या दाराशी ते थोडा वेळ उभे राहिले. आत दुसराच कुणी रोगी झोपला होता. त्याच्या उशाशी वाटी ठेवून ते हळूच बाहेर आले.

सगळं संपलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अप्पांना त्या दिवशी चूल पेटवायला वेळच मिळाला नव्हता. शिधा तसाच बांधलेला. भावजी सकाळपासून उपाशी. डेगीच्या तळाशी तिघांपुरतं उरलं होतं. मी उंबऱ्यात तीन थाळ्या मांडल्या आणि वाढलं. भावजींनी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी थाळीकडे. मग दोघांनी खाल्लं.

"गूळ कमी पडलाय," अप्पा म्हणाले.

भावजी जीपमध्ये एकटेच बसले. निघताना खिडकीतून म्हणाले, "ऱ्हा. पण दिवाळीला येत जा. अन् केकबिक खाऊ नगं." मी मान हलवली. जीप वळल्यावर मी अप्पांचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. "काय काम हाय ते आधी सांग," म्हणाले.

पुढे रेखा दहावी झाली. स्वयंपाकघर दवाखान्याने ठेकेदाराकडे दिलं, तेव्हा ओळखीतून मला गोव्यात म्हाताऱ्या माणसांच्या एका घरात काम मिळालं. अप्पांना सांगायला गेले, तर त्यांनी तिथल्या मालकीणबाईंचा नंबर मागितला आणि माझ्यादेखत फोन लावला. "कोण? यारु? कौन?" पलीकडून बाई कोकणीत काहीतरी म्हणाल्या. आपल्याला न येणारी भाषा ऐकून अप्पांचा संशय दुप्पट झाला. "तुमाला आमची बाई कामून पायजे?" हे त्यांनी तीन भाषांत विचारलं. बाईंनी मला नंतर सांगितलं, त्यांना वाटलं माझे वडील आहेत.

गोव्यात नाताळ मोठा. त्या दिवशी सगळ्यांना घरी जायचं असतं आणि म्हाताऱ्यांना उठवायला, पुसायला, भरवायला कुणीतरी लागतं. ती पाळी मी मागून घेते. सोबतची फिलोमिना दरवर्षी विचारते, "तुका कितें जाय?" काही नको म्हटलं तर तिला बरं वाटत नाही, म्हणून मी तिच्याकडून दोदोल, म्हणजे तिकडची गूळ-नारळाची मिठाई, मागते. त्या दिवशी दुपारी सगळे झोपले, की मी अप्पांना फोन करायची. नुसता फोन केलेला त्यांना चालत नसे, म्हणून काहीतरी काम काढावं लागायचं. घोंगड्याला कसर लागली तर काय करावं, असं काहीतरी. ते सविस्तर सांगायचे, आणि शेवटी विचारायचे, "तुला घोंगडं कुणी दिलं?"

गेल्या नाताळाला फोन त्यांच्या मुलाने उचलला. मल्लण्णाने. अप्पा गेल्याला काही महिने झाले होते.

"तुमचं काय काम हुतं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "काम नव्हतं. आभार मानायचे होते." आणि इतक्या वर्षांचं जे अप्पांनी ऐकून घेतलं नसतं, ते सगळं मी त्याला सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आमाला ह्यातलं कायबी ठावं न्हाई, अक्का. अप्पा दिवाळीला यायचा, बिरोबाच्या जत्रंला यायचा. क्रिसमसला तेवढा कधी आला न्हाई. लोक म्हणायलेत, आतून तो त्येंचाच झाला हुता. मातीला दवाखान्यातली माणसं आली, हात जोडून हुबी राहिली, त्यावरनं तर जास्तीच. आता देवघरात अप्पाचा टाक बशिवायचाय, तर भावकी आडवी पडलीय."

टाक म्हणजे गेलेल्या माणसाची चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. तो घरच्या देवांत बसला तर माणूस आपला. नाही बसला तर तो कुठलाच नाही. मी म्हटलं, मी येऊन सांगते. मल्लण्णा अवघडून म्हणाला, "तुमी बी तिथल्याच की अक्का. त्यात बी आता गोव्याच्या. तुमचं कोण ऐकणार?"

ते खरं होतं. रात्रभर विचार करून सकाळी मी दत्ता भावजींना फोन केला. गोव्याला आल्यापासून आमचं बोलणं कमीच. मी सगळं सांगितलं.

"मला कामून सांगायलीस?"

"तुम्ही बघितलंय म्हणून."

त्यांनी फोन ठेवला. पुढे बरेच दिवस काही नाही. जावेला विचारायची माझी छाती झाली नाही. मी धरून चालले, की हेही माझ्या हातून व्हायचं नाही. मग एका दुपारी त्यांचाच फोन आला. मागे बसस्टँडचा गलका.

"जाऊन आलो खटकचिंचोळीला. समदी भावकी बसली हुती. म्या सांगिटलो, समदं झाडून बघितलो, माणूस आपला हुता. मंग एक म्हातारा म्हणला, तिथलं शिजलेलं खाल्ला का त्यो, एवढंच सांग."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खाल्ला म्हणलो. एका डेगीतलं, मी बी खाल्लो म्हणलो. त्येचा टाक बशिवायचा नसंल तर नका बशिवू. पर मंग मला बी ह्या घरातनं उठवा."

"मग?"

"मंग काय. म्या उठायला लागलो, तर अप्पाची म्हातारी आत गेली. ताट वाढून आणली अन् माझ्याम्होरं ठिवली. जेव म्हणली, लांबनं आलायस."

"जेवलात?"

"जेवलो की."

"आणि टाक?"

"हात धुऊन आलो तवर बशिवले हुते."